दगडाचं वय म्हणजे नेमकं कशाचं वय?

मराठवाड्यात विहीर पाडताना जमिनीच्या पोटातला एक ठरलेला क्रम उघडा पडतो. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग भोकाभोकांचा मांजऱ्या. त्या भोकांत कुठे पांढरे स्फटिक, कुठे हिरवट भुकटी भरलेली. त्याखाली सुरुंगाशिवाय दाद न देणारा काळा पाषाण. आणखी खाली गेलं की काही ठिकाणी विटेच्या रंगाचा तांबडा पट्टा लागतो. हातात घेतला तर गेरूसारखा चुरतो. त्याच्याखाली पुन्हा मांजऱ्या, पुन्हा पाषाण. विहिरीवर काम करणाऱ्यांना हा क्रम पाण्याच्या हिशेबाने पाठ असतो. भूशास्त्रज्ञ तोच क्रम काळाच्या हिशेबाने वाचतात.

मांजऱ्या आणि त्याखालचा पाषाण मिळून लाव्हाचा एक थर होतो. लाव्हा पसरल्यावर त्यातले वायूचे बुडबुडे वर चढतात, माथ्याशी अडकतात आणि लाव्हा थिजल्यावर तिथे भोकं राहतात. खालचा भाग मात्र भरीव राहतो. तांबडा पट्टा ही दोन उद्रेकांमधल्या शांततेची खूण. आधीच्या थराचा माथा ऊनपावसात झिजला, त्याची माती झाली आणि पुढच्या लाव्हाने ती झाकून टाकली. ही शांतता काही वर्षांची होती की काही हजार वर्षांची, हे नुसत्या पट्ट्याकडे बघून सांगता येत नाही. त्यासाठी वेगळी साधनं लागतात आणि हा लेख मुख्यतः त्यांच्याबद्दल आहे.

पण आधी साधनांशिवाय काय कळतं ते पाहू. उतरंडीतलं तळाचं मडकं सगळ्यांत आधी मांडलेलं असतं, तसं खडकांत खालचं आधीचं आणि वरचं नंतरचं. निकोलस स्टेनो ह्या डॅनिश शास्त्रज्ञाने हा नियम १६६९ साली लिहून ठेवला. गाळाचे थर मुळात आडवेच बसतात, ते तिरपे किंवा उलटे दिसले तर मागाहून काहीतरी उलथापालथ झाली आहे, हेही त्यानेच सांगितलं. मराठवाड्यातले लाव्हाचे थर आजही जवळजवळ आडवे आहेत. अजिंठ्याला वाघूर नदीच्या घळीत उभं राहून समोरच्या कड्याकडे पाहिलं, किंवा बालाघाटाच्या सपाट माथ्याच्या डोंगरांची पायरीपायरीची उतरण पाहिली, तर ते लगेच लक्षात येतं. हिमालयात थरांच्या घड्या पडल्या आहेत, काही ठिकाणी जुने थर नव्यांच्या डोक्यावर जाऊन बसले आहेत. तिथे हाच साधा नियम लावायला पिढ्यान्‌पिढ्या खपाव्या लागल्या.

ह्या नियमाने क्रम कळतो, पण एका गावच्या विहिरीतला थर शंभर मैलांवरच्या डोंगरातल्या कोणत्या थराशी जुळतो, हे कळत नाही. ते कोडं सुटलं जीवाश्मांमुळे. इंग्लंडमध्ये कालव्यांसाठी मोजणी करत फिरणाऱ्या विल्यम स्मिथच्या ध्यानात आलं, की प्रत्येक थरात ठराविकच शंखशिंपले सापडतात आणि त्यांचा क्रम गावोगावी तोच असतो. त्या आधारावर त्याने १८१५ साली इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडच्या काही भागाचा भूशास्त्रीय नकाशा छापला. खूण म्हणून सगळ्यांत उपयोगी पडतो तो जीव, जो दूरवर पसरला होता पण पृथ्वीवर थोडाच काळ टिकला. एखादा प्राणी वीस कोटी वर्षं तसाच राहिला असेल, तर त्याचा जीवाश्म सापडून तारखेच्या बाबतीत काहीच हाती लागत नाही.

आपल्याकडे लाव्हात जीवाश्म कुठून येणार? पण दोन उद्रेकांच्या मधल्या शांत काळात जागोजागी तळी साठली, त्यांत गोगलगायी होत्या, काठाने झाडं होती. नागपूरजवळच्या टाकळीच्या थरांतली अशा गोगलगायींची शंखं एकोणिसाव्या शतकापासून अभ्यासली गेली आहेत आणि तीच जात दख्खनच्या लाव्हाच्या मधल्या थरांत दूरदूर आढळते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुरा गावाजवळ डायनासोरची हाडं मिळाली, ती लाव्हाच्या खाली असलेल्या गाळाच्या खडकांत. एवढ्यावरून इतकं तरी नक्की म्हणता येतं, की ते प्राणी त्यांच्यावर पसरलेल्या लाव्हाच्या आधीचे. किती आधीचे, हे एवढ्यावरून कळत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत साऱ्या जगाचं भूशास्त्र ह्याच ठिकाणी अडलं होतं. कालखंडांना नावं पडली होती, त्यांचा क्रम लागला होता, आकडा मात्र एकाही कालखंडाला नव्हता.

आकडा काढायचे प्रयत्न झाले नव्हते असं नाही. लॉर्ड केल्विनने १८६२ साली तापलेली पृथ्वी निवत निवत आजच्या अवस्थेला यायला किती काळ लागेल, ह्याचं गणित मांडलं. उत्तर आलं दोन कोटी ते चाळीस कोटी वर्षं. पुढे तो दोन ते चार कोटींवर उतरला. थर मोजणाऱ्या भूशास्त्रज्ञांना हे फार कमी वाटत होतं, पण केल्विनच्या गणितापुढे बोलायची सोय नव्हती. १८९६ साली बेकरेलला युरेनियममधून निघणारे अदृश्य किरण सापडले. १९०२ साली रदरफर्ड आणि सॉडी ह्यांनी दाखवलं, की ह्या किरणांबरोबर एक मूलद्रव्य बदलून दुसरं होतं. दगडांच्या वयाचा प्रश्न तिथून मार्गी लागला. १९०७ साली बोल्टवूडने युरेनियम आणि त्यापासून झालेलं शिसं मोजून काही खनिजांची वयं काढली. ती एक्केचाळीस कोटींपासून दोनशेवीस कोटींपर्यंत गेली. त्याचे आकडे पुढे सुधारावे लागले, पण दिशा बरोबर होती.

हे काम कसं चालतं, ते आपल्याच काळ्या पाषाणावर पाहू.

पाषाणात थोडं पोटॅशियम असतं. निसर्गातल्या पोटॅशियमच्या दर एक लाख अणूंमागे साधारण बारा अणू पोटॅशियम-४० ह्या अस्थिर जातीचे असतात. ते अणू एकेक करून फुटत राहतात. कोणता अणू कधी फुटेल हे सांगता येत नाही, पण मोठ्या संख्येचा हिशेब पक्का असतो. कितीही अणू घ्या, १२५ कोटी वर्षांत त्यांतले निम्मे फुटलेले असतात. उरलेल्यांतले निम्मे पुढच्या १२५ कोटी वर्षांत. ह्याला अर्धायुष्य म्हणतात. उष्णतेने, दाबाने किंवा पाण्याने ह्या वेगात दखल घेण्याजोगा फरक पडत नाही, कारण घडामोड अणूच्या गाभ्यात असते आणि खडकाला सोसावी लागणारी उष्णता तिथवर पोचतच नाही.

फुटलेल्या शंभर अणूंपैकी साधारण अकरा अणूंचा आर्गॉन-४० होतो, बाकीच्यांचा कॅल्शियम. कॅल्शियम पाषाणात आधीपासूनच भरपूर असतं, त्यामुळे नवं कोणतं नि जुनं कोणतं हे वेगळं काढता येत नाही. आर्गॉन कामाचा आहे. तो वायू आहे आणि कुणाशीही संयोग पावत नाही. लाव्हा वितळलेला असतो तोवर आर्गॉन निसटून जातो. लाव्हा थिजला, स्फटिक बांधले गेले, की त्यानंतर तयार होणारा आर्गॉन त्यांच्या जाळीत अडकून बसतो. किती पोटॅशियम आहे आणि किती आर्गॉन साठला आहे, हे मोजलं की लाव्हा कधी थिजला ते कळतं.

आता ह्यातली नजाकत बघा. दख्खनचा लाव्हा ६ कोटी ६० लाख वर्षांच्या आसपासचा. एवढ्या काळात पोटॅशियम-४० च्या दर हजार अणूंमधले जेमतेम ३६ फुटतात. त्यांतले फक्त चार आर्गॉन होतात. हजारातले चार, आणि तेही अशा दगडात ज्यात पोटॅशियम मुळातच तुटपुंजं. एवढासा वायू अचूक मोजायचा, तर नमुना कमालीचा स्वच्छ हवा. म्हणून वय काढायला मांजऱ्या घेत नाहीत. त्याच्या भोकांतले स्फटिक पाण्याबरोबर मागाहून आलेले असतात. मुरूम तर बादच, कारण कुजलेल्या खनिजांतून आर्गॉन कधीच निघून गेलेला असतो. ताजा, तडा न गेलेला पाषाण फोडतात, कुटतात, चाळतात, सौम्य आम्लात धुतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली फेल्डस्पार ह्या खनिजाचे स्वच्छ कण एकेक करून वेचतात. गहू निवडण्यासारखं हे काम दिवसच्या दिवस चालतं. पुढे ते कण अणुभट्टीत ठेवून त्यांवर न्यूट्रॉनचा मारा करतात, त्यामुळे पोटॅशियमच्या स्थिर जातीतला थोडा भाग आर्गॉन-३९ मध्ये बदलतो. आर्गॉन-३९ वरून पोटॅशियम किती ते कळतं, मग एकाच नमुन्यातले दोन्ही आर्गॉन एकाच यंत्रावर मोजता येतात. नमुना एकदम न वितळवता पायरीपायरीने तापवतात आणि प्रत्येक पायरीला निघालेल्या वायूचं वय वेगळं काढतात. सगळ्या पायऱ्यांवर तेच वय आलं तर भरवसा ठेवायचा. सुरुवातीच्या पायऱ्यांना कमी आणि पुढे जास्त आलं, तर कणांच्या कडेने आर्गॉन गळला आहे असं समजायचं. आयआयटी मुंबईत अशी प्रयोगशाळा आहे.

म्हणजे आर्गॉनने मिळालेलं वय हे लाव्हा थिजण्याच्या घटनेचं वय आहे. लाव्हातले अणू त्याहून कितीतरी जुने आहेत, ते पृथ्वीच्या जन्मापासूनचे, किंबहुना त्याच्याही आधीचे. दगडाच्या वयाची बातमी वाचताना मला हा एकच प्रश्न महत्त्वाचा वाटतो: मोजणी कोणत्या घटनेपासून सुरू केली? उत्तर दगडागणिक आणि पद्धतीगणिक बदलतं आणि बहुतेक गैरसमज तो प्रश्न न विचारल्यामुळे होतात.

पाषाणासाठी दुसरी पद्धत युरेनियम-शिशाची, आणि ती आर्गॉनपेक्षाही काटेकोर. तिचा आधार झिरकॉन नावाचं बारीक, चिवट खनिज. तयार होताना झिरकॉन आपल्या जाळीत युरेनियम सामावून घेतं, शिशाला मात्र थारा देत नाही. त्यामुळे आत सापडणारं शिसं जवळजवळ सगळं नंतर युरेनियमपासून झालेलं असतं. शिवाय युरेनियमच्या दोन जाती दोन वेगळ्या वेगांनी शिसं होतात. एकीचं अर्धायुष्य ४४७ कोटी वर्षं, दुसरीचं ७० कोटींच्या थोडं वर. एकाच कणातून दोन स्वतंत्र वयं निघतात. ती जुळली तर उत्तर खरं, नाही जुळली तर कणाने मधे शिसं गमावलंय. स्वतःची तपासणी स्वतःच करणारी ही पद्धत मला सगळ्या पद्धतींत देखणी वाटते.

अडचण एवढीच, की बेसाल्टमध्ये, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणात, झिरकॉन जवळपास नसतंच. ह्यावर उपाय निघाला तो विहिरीत दिसतो तशा तांबड्या पट्ट्यांतून. लाव्हाच्या दोन थरांमधल्या काळात कुठल्याशा ज्वालामुखीची राख हवेतून येऊन त्या मातीत मिसळली होती आणि राखेत झिरकॉन होतं. सह्याद्रीतल्या अशा पट्ट्यांतून झिरकॉन वेचून ब्लेअर शोनी आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली दाखवलं, की दख्खनच्या उद्रेकांचा मुख्य टप्पा डायनासोरच्या अंतापूर्वी सुमारे अडीच लाख वर्षं सुरू झाला आणि एकंदर साडेसात लाख वर्षांच्या आसपास चालला. २०१९ साली दोन संशोधनं एकाच वेळी प्रसिद्ध झाली. झिरकॉनवाल्यांच्या मते लाव्हा चार मोठ्या झटक्यांत आला आणि त्यांतला एक झटका अंताच्या अगदी तोंडावरचा. आर्गॉनवाल्यांच्या मते तो बराचसा सलग येत राहिला आणि त्याचा मोठा हिस्सा अंतानंतरचा. उल्का पडल्याने डायनासोर संपले की आपल्या ज्वालामुखीनेही हातभार लावला, हा वाद शेवटी तारखांवर येऊन ठेपतो. दोन्ही गटांतला फरक काही दहा हजार वर्षांचा आहे. साडेसहा कोटी वर्षांत एवढ्याशा फरकावर भांडता यावं, हेच मला ह्या शास्त्राचं मोठं यश वाटतं.

थिजताना लाव्हा आणखी एक नोंद ठेवतो. त्यातल्या मॅग्नेटाइटच्या कणांत त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकत्वाची दिशा गोठते. पृथ्वीच्या चुंबकाची दिशा अधूनमधून उलटी होते आणि तो बदल सगळ्या जगात एकाच वेळी होतो. दख्खनचा बराचसा लाव्हा अशाच एका उलट्या काळातला आहे. ह्या दिशेवरून तारीख निघत नाही, पण दूरदूरचे थर एकमेकांशी जुळवता येतात. त्या कणांचा कल पाहून हेही कळलं, की लाव्हा पसरत होता तेव्हा आपली भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती.

लाव्हाच्या खाली काय आहे, हे मराठवाड्याला एका दुःखद निमित्ताने कळलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली हजारो माणसं गेली. हा भाग भूकंपाच्या दृष्टीने शांत मानला जात होता. का हादरला हे शोधायला पुढे किल्लारीजवळ ६१७ मीटर खोल भोक पाडलं गेलं. त्यात ३३८ मीटरपर्यंत लाव्हाचे थर लागले. त्याखाली फक्त आठेक मीटर गाळाचा खडक. आणि त्याच्या लगेच खाली पायाचा खडक, धारवाड क्षेत्रातल्या अतिप्राचीन खडकांपैकी, अडीचशे कोटी वर्षांच्या घरातला.

ह्या आठ मीटरांपाशी थोडं थांबायला हवं. वर साडेसहा कोटी, खाली अडीचशे कोटी. मधली जवळजवळ दोनशे चाळीस कोटी वर्षं, म्हणजे पृथ्वीच्या ४५४ कोटी वर्षांच्या आयुष्यातला निम्म्याहून जास्त काळ, आठ मीटरांत उरकली आहे. त्या काळात इथे काही घडलंच नाही असं नव्हे. डोंगर झाले असतील, नद्या वाहिल्या असतील, गाळ साठला आणि धुपूनही गेला असेल. खडक म्हणून जे टिकलं त्यालाच वय विचारता येतं. खालचं आधीचं आणि वरचं नंतरचं हे किल्लारीच्या भोकातही खरंच आहे. पण नंतरचं म्हणजे लगेच नंतरचं, असं धरून चाललं की फसगत होते. अशी तुटलेली जागा ओळखता येणं हे क्षेत्रावर काम करणाऱ्या भूशास्त्रज्ञाचं खरं कसब.

हाच प्राचीन खडक बघायला भोक पाडायची गरज नाही. नांदेड जिल्ह्यात देगलूर, मुखेडकडे लाव्हाची चादर संपते आणि गुलाबी-करड्या ग्रॅनाइटचे गोल गोल धोंडे एकमेकांवर रचल्यासारखे दिसू लागतात. अशा ग्रॅनाइटमध्ये झिरकॉन मुबलक असतं, त्यामुळे त्याचं वय काढणं पाषाणापेक्षा सोपं. आपल्या भागातले हे सगळ्यांत जुने रहिवासी. ग्रॅनाइटच्या टेकडीवरून उतरून लाव्हाच्या पहिल्या थरावर पाऊल ठेवलं, की तीच दोनशे चाळीस कोटी वर्षं ओलांडली जातात. पृथ्वीचं स्वतःचं वय मात्र पृथ्वीवरच्या कोणत्याच खडकातून मिळत नाही, कारण सुरुवातीचे खडक शिल्लकच नाहीत. ते १९५६ साली क्लेअर पॅटरसनने उल्कांमधलं शिसं मोजून काढलं. त्याचा ४५५ कोटींचा आकडा आजही जवळपास तसाच आहे.

आता कार्बनकडे. वयाचा विषय निघाला की लोकांच्या तोंडी कार्बन डेटिंगच येतं, डायनासोरच्या हाडांसाठीही आणि वेरूळच्या लेण्यांसाठीही. दोन्ही ठिकाणी घोटाळा आहे. कार्बन-१४ हवेत सतत तयार होतो, झाडं तो घेतात, झाडांवाटे तो प्राण्यांत येतो. जीव मेला की घेणं थांबतं आणि साठा घटू लागतो. अर्धायुष्य फक्त ५७३० वर्षांचं. पन्नास हजार वर्षांत तो इतका उरत नाही की भरवशाने मोजता यावा. डायनासोरच्या हाडात तो साडेअकरा हजार वेळा निम्मा झालेला असणार, म्हणजे शून्यच. तेव्हा कार्बन हा एके काळी जिवंत असलेल्या वस्तूच्या मृत्यूचा काळ सांगतो, आणि तोही अलीकडचा. विलर्ड लिबीने १९४९ साली ही पद्धत दाखवून दिली आणि तिच्यासाठी त्याला १९६० चं नोबेल मिळालं. हवेतलं कार्बन-१४ चं प्रमाण सगळ्या काळात सारखं नव्हतं, म्हणून आलेला आकडा झाडांच्या वार्षिक वलयांवरून दुरुस्त करून घ्यावा लागतो. भारतात हे काम आधी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सुरू झालं, मग अहमदाबादला गेलं.

वेरूळचं कैलास लेणं राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण ह्याच्या काळचं, आठव्या शतकातलं. ज्या पाषाणात ते कोरलं तो साडेसहा कोटी वर्षांचा. दोन्ही वयं खरी, पण छिन्नीने आर्गॉन निघून जात नाही, त्यामुळे कोरण्याच्या घटनेची कसलीही नोंद दगडाच्या अणूंत नाही. लेण्यांचा काळ शिलालेख, राजांची दानपत्रं, शिल्पांची घडण ह्यांवरून ठरतो. अजिंठ्याच्या चित्रांखालच्या मातीच्या गिलाव्यात भाताचा भुसा, गवताचे तंतू मिसळलेले आहेत. त्या भुशाला कार्बनची पद्धत लागू पडते आणि ती सांगते ते पीक कापल्याचं साल, भिंत कोरल्याचं नव्हे. तेर किंवा पैठणच्या उत्खननात कोळसा मिळाला तर त्यालाही हेच लागू. कोळसा जुन्या वाशाचा असेल, तर घर जळण्याच्या कितीतरी आधीची तारीख येते, कारण झाडाच्या गाभ्यातलं लाकूड फार पूर्वी मेलेलं असतं.

मांजरेच्या काठी हा प्रश्न अजून गुंतागुंतीचा होतो. लातूर जिल्ह्यात नदीच्या जुन्या गाळाच्या थरांत पाणघोड्याचे आणि हत्तीचे जीवाश्म मिळाले आहेत. आज ज्या नदीचं पात्र उन्हाळ्यात कोरडं पडतं, तिच्यात एके काळी पाणघोडे डुंबत होते. त्यांचं वय कसं काढायचं? ज्या वाळूत आणि गोट्यांत ती हाडं आहेत, त्यांचा प्रत्येक कण लाव्हाच्या डोंगरातून झिजून आलेला. आर्गॉनने त्या वाळूचं वय काढलं तर साडेसहा कोटी येईल. उत्तर चुकीचं नाही, पण ते वाळूच्या आईबापाचं वय झालं. जगभर गाळाच्या खडकांपाशी हीच अडचण येते, म्हणून जीवाश्मांचं वय बहुतेक वेळा त्यांच्या खालच्या आणि वरच्या राखेच्या किंवा लाव्हाच्या थरावरून काढतात. खालच्याहून लहान, वरच्याहून मोठं. मांजरेच्या हाडांच्या वर कोणताही लाव्हा नाही, लाव्हाचा काळ केव्हाच संपला होता.

अशा ठिकाणी कामाला येते ती वाळूच्या कणांत साठलेल्या उजेडाची पद्धत. कण गाळाखाली पुरला गेला, की आजूबाजूच्या मातीतल्या किरणोत्सर्गाची थोडी थोडी ऊर्जा त्याच्या स्फटिकात साठत जाते. ऊन लागलं तर काही वेळातच ती पुसली जाते. म्हणून साठलेली ऊर्जा सांगते, की ह्या कणाने शेवटचं ऊन कधी पाहिलं. नमुना घेण्याची रीत पाहण्यासारखी असते. नदीच्या दरडीत लोखंडी नळी ठोकतात, दोन्ही तोंडं लगेच काळ्या आवरणाने बंद करतात आणि ती प्रयोगशाळेतल्या मंद तांबड्या उजेडात उघडतात. तोंडाकडची, उजेड लागलेली वाळू काढून टाकायची आणि मधलीच वापरायची. ह्या पद्धतीला क्वार्ट्जचे कण सगळ्यांत सोयीचे. पण बेसाल्टच्या मुलखातल्या काळ्या वाळूत क्वार्ट्ज कमीच, त्यामुळे अनेकदा फेल्डस्पारवर भागवावं लागतं आणि फेल्डस्पारची ऊर्जा काळाबरोबर आपोआपही थोडी गळते. त्याचा हिशेब वेगळा करावा लागतो.

हाडांचीही एक जुनी परीक्षा आहे. जमिनीतल्या पाण्यातला फ्लोरिन हाडात हळूहळू मुरतो. एकाच ठिकाणची दोन हाडं एकाच काळची आहेत का, हे त्यावरून ताडता येतं. इंग्लंडमध्ये पिल्टडाउनला सापडलेली मानवाच्या पूर्वजाची म्हणून गाजलेली कवटी ह्याच परीक्षेने संशयात आली आणि १९५३ साली ती बनावट ठरली. पण पाण्यातला फ्लोरिन गावागावाला वेगळा असतो, त्यामुळे एका गावचं हाड दुसऱ्या गावच्या हाडाशी असं ताडून पाहता येत नाही.

ह्या सगळ्या पद्धती समोरासमोर येतात त्या लोणारला. लोणार बुलढाणा जिल्ह्यात असलं तरी मंठ्याहून हाकेच्या अंतरावर, जालन्याच्या हद्दीला लागून. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं ते विवर अवकाशातून आलेल्या धोंड्याच्या धडकेने बेसाल्टमध्ये झालं, ह्याबद्दल आता शंका नाही. धडक कधी झाली ह्यावर मात्र उत्तरं मिळाली ती अशी. धडकेत वितळून काच झालेल्या दगडातली साठलेली ऊर्जा मोजून १९९७ साली आलं सुमारे ५२ हजार वर्षं. तशाच वितळलेल्या दगडांतल्या आर्गॉनवरून २०११ साली आलं ५ लाख ७० हजार वर्षं, ४७ हजार कमीजास्त. विवरातून बाहेर फेकलेल्या दगडांवर अवकाशातल्या किरणांनी तयार झालेले दुर्मीळ अणू मोजून २०१४ साली आलं सुमारे ३७ हजार ५०० वर्षं.

तिन्ही मोजमापं कसलेल्या लोकांनी केली आहेत. तरी पहिल्यात आणि दुसऱ्यात दहापटीहून जास्त अंतर. इथे तोच प्रश्न लावून पाहू. आर्गॉनच्या पद्धतीचं गृहीत असं, की धडकेच्या उष्णतेने दगड वितळला तेव्हा त्यात आधीचा साठलेला सगळा आर्गॉन निघून गेला. पण हा दगड कोवळा नव्हता. त्यात साडेसहा कोटी वर्षांचा आर्गॉन भरलेला होता. त्यातला शंभरावा हिस्सा जरी काचेत अडकून राहिला, तरी तेवढ्यानेच वय ६ लाख ६० हजार वर्षांनी फुगेल. आर्गॉनवाल्या संशोधकांना हा धोका ठाऊक होता. अनेक नमुन्यांतल्या आर्गॉनच्या वेगवेगळ्या जातींची गुणोत्तरं एका रेषेत मांडून त्यांनी उरलेला जुना आर्गॉन वेगळा काढला आणि मगच आपला आकडा दिला. त्यांच्या बाजूने बोलायचं, तर साठलेल्या ऊर्जेच्या पद्धतीला मर्यादा असते. स्फटिकात साठायची जागा संपली, की पुढची हजारो वर्षं मोजलीच जात नाहीत, आणि मधे कधी दगड तापला किंवा उघडा पडला तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. अवकाशकिरणांची पद्धत तर दगड किती काळ पृष्ठभागावर उघडा आहे एवढंच सांगते. लोणारच्या काठावर दर पावसाळ्यात माती धुपते, वरचा दगड झिजून खालचा उघडा पडतो आणि तो दगड खऱ्यापेक्षा तरुण दिसतो.

म्हणून ५२ हजार, ५ लाख ७० हजार आणि साडेसदतीस हजार ह्या तीन आकड्यांची सरासरी काढण्यात काही अर्थ नाही. एक आकडा काचेत ऊर्जा साठायला लागल्यापासूनचा आहे, दुसरा आर्गॉन निसटून गेल्यापासूनचा, तिसरा दगड उघड्यावर आल्यापासूनचा. तिन्ही घटना एकाच धडकेच्या क्षणी घडल्या असतील तर आकडे जुळायला हवे होते. ते जुळत नाहीत, म्हणजे निदान एका ठिकाणी तरी मोजणी धडकेच्या क्षणी सुरू झालेली नाही. कोणत्या ठिकाणी, ते शोधायचं तर काठावरून कमीत कमी धुपलेल्या जागा निवडून नमुने घ्यायचे, काचेच्या आणखी बारीक, आणखी पूर्ण वितळलेल्या कणांतला आर्गॉन मोजायचा आणि तळ्याच्या तळाशी बसलेल्या गाळाची जाडी व वय त्याच्याशी ताडून पाहायचं. तळ्यातला गाळ धडकेच्या आधीचा असू शकत नाही, तेव्हा त्याच्या सगळ्यांत खालच्या थराचं वय हे विवराच्या वयाची खालची मर्यादा ठरतं.